छपरावरची तार

मुलांनो, आमच्या घरावरून जाताना अनेक जण मान वर करून पाहतात. घराच्या भिंतीला लागून लोखंडी नळीचा एक उंच खांब आहे. खांबाच्या टोकापासून दोन तारा निघतात आणि घराच्या दोन बाजूंना उतरत जातात. एक तार फणसाच्या झाडाकडे जाते. दुसरी अंगणाच्या कडेला रोवलेल्या नळीकडे जाते. "बाई, कपडे वाळत घालायची दोरी एवढी उंच का बांधली?" असे एका लहान मुलीने मला एकदा विचारले होते. या दोरीवर मी कपडे टाकत नाही. या तारेच्या मदतीने मी दूरदूरच्या माणसांशी बोलते.

ही माझ्या बिनतारी केंद्राची तार आहे. तिला एरियल किंवा अँटेना म्हणतात. मराठीत तिला 'आकाशक' असेही नाव आहे. तुम्ही म्हणाल, "बिनतारी म्हणजे तार नसलेले. मग तिथे तार कशाला?" तुमचा प्रश्न बरोबर आहे. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये तार नसते, म्हणून ते बिनतारी. पण आपले शब्द हवेत सोडायला आणि हवेतून आलेले शब्द पकडायला दोन्ही टोकांना एकेक तार लागतेच. यंत्र कितीही महाग असो, तार नीट नसेल तर ते मुके आणि बहिरे होते.

माझा हा छंद 'हौशी रेडिओ' म्हणून ओळखला जातो. तो जोपासणाऱ्यांना जगभर 'हॅम' म्हणतात. हॅम आपल्या केंद्रावरून पैसे मिळवत नाही. गाणी किंवा जाहिराती ऐकवत नाही. तो शिकण्यासाठी, प्रयोगांसाठी आणि मैत्रीसाठी बोलतो. त्यासाठी सरकारची परीक्षा द्यावी लागते. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींनाही ती देता येते. विजेचे आणि रेडिओचे प्राथमिक ज्ञान आणि बोलण्याचे नियम, यांवर प्रश्न असतात. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर परवाना मिळतो आणि त्याबरोबर एक संकेतनाम मिळते. भारतातील बहुतेक हॅमची संकेतनामे 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतात. परवाना नसताना प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे, हे नीट लक्षात ठेवा.

मी १९९६ मध्ये परवाना मिळवला. तेव्हा मी दापोली तालुक्यातील एका शाळेत विज्ञान शिकवत होते. आमचे गाव समुद्राच्या काठी आहे. एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला डोंगर. पुण्यामुंबईला बोलायचे तर मध्ये सह्याद्री उभा! पण रेडिओच्या लहरींना डोंगर ओलांडण्याची एक युक्ती माहीत असते. जमिनीपासून सुमारे ८० किलोमीटर उंचीवरून पुढे वातावरणात विद्युतभारित कणांचे थर असतात. सूर्याच्या किरणांमुळे ते तयार होतात. ठरावीक लांबीच्या रेडिओलहरी या थरांपर्यंत जातात आणि तेथून वळून पुन्हा जमिनीवर येतात. चेंडू छताला लागून पलीकडच्या खोलीत पडावा, तसेच हे! दिवसा माझा आवाज काही शे किलोमीटरपर्यंत जातो. रात्री हे थर बदलतात आणि तोच आवाज हजारो किलोमीटर दूर पोहोचू शकतो.

एरियलची गोष्ट निघाली की मला पतंग आठवतो. तुम्हाला आश्चर्य वाटेल. पण रेडिओच्या इतिहासात पतंगाला मानाची जागा आहे. १९०१ च्या डिसेंबर महिन्यात मार्कोनी हा शास्त्रज्ञ अटलांटिक महासागराच्या पलीकडे, न्यूफाउंडलंड बेटावर गेला. तेथे वारा फार जोराचा होता. उंच खांब उभारणे शक्य नव्हते. मग त्याने पतंगाला तार बांधली आणि पतंग आकाशात सोडला. १२ डिसेंबर रोजी त्या तारेतून इंग्लंडहून आलेली तीन टिंबे ऐकू आल्याचे त्याने जगाला सांगितले. त्याच्या आधी काही वर्षे आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात लहरींच्या साहाय्याने दूरची घंटा वाजवून दाखवली होती. मोठमोठे शोध साध्या वस्तूंतून लागतात ते असे.

आता माझी तार मी कशी उभारली, ते सांगते. तुम्हाला गणित आवडत असेल, तर पेन्सिल हातात घ्या. रेडिओलहर एका सेकंदात ३० कोटी मीटर जाते. मला ७.१ मेगाहर्ट्झवर बोलायचे होते. याचा अर्थ एका सेकंदात ७१ लाख कंपने. ३० कोटींना ७१ लाखांनी भागा. उत्तर सुमारे ४२ मीटर येते. ही झाली लहरीची लांबी. एरियल साधारणपणे या लांबीच्या निम्म्याएवढे असते, म्हणजे २१ मीटर. प्रत्यक्ष तारेत ही लांबी शेकडा ५ ने कमी धरावी लागते. म्हणून २० मीटर. या तारेचे मधोमध दोन भाग करायचे. प्रत्येक भाग १० मीटरचा. दोन्ही भागांच्या मध्ये केबल जोडायची. झाले एरियल तयार! बाजारातून महाग वस्तू आणण्याची गरज नाही. तांब्याची तार, चिनीमातीचे तीन रोधक, केबल आणि दोर एवढे सामान पुरते.

तार मात्र मी १० मीटरची कापली नाही. दोन्ही भाग साडेदहा मीटरचे ठेवले. लांब तार आखूड करता येते. आखूड तारेला जोड द्यावा लागतो आणि जोड हे दुखणे असते. तार वर चढवायची, मीटरवर मोजायचे, खाली उतरवायची, दोन्ही टोकांना थोडीथोडी कमी करायची आणि पुन्हा वर चढवायची. असे सहा-सात वेळा केल्यावर ती बरोबर जुळली.

तार कोठे बांधावी, याचा विचार मात्र गणिताच्या आधी करावा लागतो. सर्वांत पहिला नियम हा की, एरियल विजेच्या तारांपासून दूर हवे. किती दूर? खांब मोडून आडवा पडला, तरी त्याचे टोक किंवा त्याची तार विजेच्या तारेपर्यंत पोहोचता कामा नये. निदान खांबाच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडावे. माझा खांब ९ मीटरचा आहे. आमच्या घरासमोरच्या रस्त्यावरून विजेच्या तारा जातात. म्हणून मी खांब मागच्या अंगणात उभा केला. पुढे उभा केला असता, तर तो अधिक शोभून दिसला असता. पण शोभेपेक्षा जीव मोठा. दुसरा नियम असा की, तारेची टोके कोणाच्याही हाताला लागू नयेत. प्रक्षेपण चालू असताना टोकांवर विजेचा दाब बराच असतो. स्पर्श झाला तर चटका बसतो. म्हणून टोके जमिनीपासून निदान ३ मीटर उंच ठेवावीत.

खांब उभा करताना मला एका अनुभवी माणसाची मदत झाली. आमच्या शेजारी एक चाचा राहत असत. त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे जहाजांवर खलाशी म्हणून काढली होती. रेडिओतले त्यांना काही कळत नव्हते. पण दोर, गाठी आणि वारा या विषयांत त्यांच्याएवढा जाणकार आमच्या गावात नव्हता. मी तार खांबाच्या टोकाला पक्की बांधणार होते. चाचांनी मला थांबवले.

"बेटी, वर बांधून टाकलीस तर खाली कशी आणशील?" त्यांनी विचारले.

"खाली कशाला आणायची, चाचा? ती कायमची वरच राहणार," मी म्हणाले.

चाचा हसले. "शीड कायमचे वर ठेवणारा खलाशी घरी परत येत नाही. जे उतरवता येते, तेच टिकते. वर कप्पी लाव."

त्यांनी स्वतः खांबाच्या टोकाला एक कप्पी बसवून दिली. कप्पीतून दोर ओवला. दोर ओढला की तार वर जाते, सोडला की खाली येते. झाडाच्या बाजूलाही त्यांनी तशीच कप्पी लावली. तेथे दोराच्या टोकाला रेतीने भरलेला एक डबा टांगला. मी विचारले, "हा डबा कशाला?" ते म्हणाले, "वाऱ्याने झाड हलणार. दोर घट्ट बांधलास तर एक दिवस तार तुटेल. डबा टांगलास तर झाड हलेल तसा डबा वरखाली होईल आणि तार शाबूत राहील." मी विज्ञानाची शिक्षिका, पण त्या दिवशी बल आणि ताण यांचा पाठ मी चाचांकडून शिकले.

खांब उभा राहिला, तरी निम्मेच काम झाले होते. समुद्राच्या काठी खारी हवा असते. ती लोखंड खाते आणि तांबे हिरवे करते. पाऊस तर चार महिने कोसळतो. तारेचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे पाणी. केबलच्या टोकात पाण्याचा एक थेंब शिरला, तरी तो आतल्या जाळीतून हळूहळू पुढे सरकतो. वातीतून तेल चढते ना, तसा! चकचकीत तांबे काळे पडते आणि आवाज वाटेतच विरून जातो. म्हणून मी प्रत्येक जोडाला आधी डाख दिला. त्यावर रबरी पट्टी ताणून गुंडाळली आणि तिच्यावर प्लॅस्टिकची चिकटपट्टी लावली. घरात शिरण्यापूर्वी केबलला खालच्या बाजूला एक झोळ ठेवला. पाणी त्या झोळापर्यंत येते आणि तेथून खाली ठिबकते. खिडकीतून आत येत नाही.

आता विजेविषयी सांगते. आकाशातली वीज कोणाचे ऐकत नाही. तिच्यासमोर कोणतेही उपकरण पूर्ण सुरक्षित नसते. ढग गडगडू लागले की मी बोलणे थांबवते. पण त्या वेळी केबलला हात लावायला धावणे धोक्याचे असते. म्हणून मी गडगडाटाची वाटच पाहत नाही. आमच्याकडे मे महिन्याच्या अखेरीस आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये विजांचा जोर असतो. त्या दिवसांत काम संपले की केबल यंत्रापासून काढायची आणि खिडकीबाहेर ठेवायची, ही माझी रोजची सवय आहे. शिवाय खांबाला जाड तार जोडून ती जमिनीत नेली आहे. त्यासाठी खोल खड्डा खणून त्यात धातूची कांब पुरली. भोवती कोळसा आणि मीठ घातले. कोकणातला जांभा दगड उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो आणि कोरड्या जमिनीत वीज नीट मुरत नाही. म्हणून उन्हाळ्यात मी त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतते. "बाई लोखंडाला पाणी घालतात. त्याला पालवी फुटणार की काय?" असे म्हणून शेजारची मुले हसतात.

घरात एरियल उभारणे म्हणजे केवळ आपल्या घरापुरती गोष्ट नसते. आपली तार शेजाऱ्यांच्याही डोक्यावर असते. पहिल्या काही दिवसांत शेजारी कुजबुजू लागले, "या खांबामुळे वीज आपल्याच आळीवर पडेल." मी त्यांना घरी बोलावले, यंत्र दाखवले, जमिनीत नेलेली तार दाखवली. एका घरात तर मी बोलू लागले की टीव्हीवर आडव्या रेघा येत. मी त्यांच्या टीव्हीच्या तारेवर फेराइटचे एक कडे बसवून दिले. रेघा बऱ्याच कमी झाल्या. तरीही संध्याकाळी त्यांच्या आवडत्या मालिकेच्या वेळी मी प्रक्षेपण बंद ठेवू लागले. छंद आपला असला, तरी त्याचा त्रास दुसऱ्याला होऊ नये. आता काळ उलटला आहे. आता शेजाऱ्यांच्या स्वस्त एलईडी दिव्यांचा आणि चार्जरचा गुरगुराट माझ्या रेडिओत ऐकू येतो! तो कोठून येतो हे शोधायची एक सोपी रीत आहे. आपल्या घराचा मुख्य खटका बंद करायचा आणि रेडिओ बॅटरीवर लावायचा. आवाज गेला तर दोष आपल्याच घरात. राहिला तर शेजारी जाऊन गोड शब्दांत विचारायचे.

एरियल उभारायला मला दोन रविवार लागले. त्याची देखभाल मात्र आजही चालू आहे. माझ्याकडे एक वही आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी यंत्र चालू करते आणि मीटर पाहते. आपण पाठवलेली शक्ती तारेतून बाहेर जाते की परत यंत्राकडे येते, हे तो मीटर सांगतो. आकडा १ असेल तर उत्तम. दीडपर्यंत चांगला. ३ च्या वर गेला तर यंत्राला धोका. हा आकडा मी तारखेसह लिहून ठेवते. वैद्य नाडी पाहतात, तशी मी तारेची नाडी पाहते. एखाद्या पावसाळ्यात १.३ चा आकडा २ च्या पुढे गेला, तर समजावे की कोठे तरी पाणी शिरले आहे. वहीत जुने आकडे नसतील, तर आजचा आकडा चांगला की वाईट, हे कसे कळणार?

पावसाळा संपला की मी तार खाली उतरवते. हिरवे झालेले तांबे घासते. जोड उघडून पाहते. खारीने केबल कुरतडली आहे का, दोराचे धागे सुटले आहेत का, हे तपासते. नायलॉनचा दोर उन्हाने कुजतो. वरून तो चांगला दिसतो. पण हातात घेतला की धाग्यांचा भुगा होतो. म्हणून मी तो दर दोन वर्षांनी बदलते. कप्पीला वंगण घालते. संक्रांतीनंतर तारेत अडकलेला मांजा काढते. बॅटरीच्या टोकांवर व्हॅसलिन लावते आणि ती भरलेली आहे ना, हे पाहते. ही सगळी कामे कंटाळवाणी वाटतात. त्यांची बातमी होत नाही की त्यांच्यासाठी बक्षीस मिळत नाही. माझी आई म्हणायची, "अगं, रोज मोबाइलवर बोलतेस. मग या तारेमागे एवढी मेहनत कशाला?"

आईचा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. आज जवळजवळ घरोघरी मोबाइल आहे. मग हा जुना शौक कशासाठी? त्याचे उत्तर संकटाच्या वेळी मिळते. मोबाइलला मनोरा लागतो, मनोऱ्याला वीज लागते, केबल लागते. यांपैकी एक गोष्ट तुटली की हातातला मोबाइल गप्प होतो. हॅमला मात्र एक यंत्र, एक बॅटरी आणि एक तार पुरते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा हॅम मंडळी आपली यंत्रे घेऊन मदतीला गेली होती. २६ जानेवारी २००१ रोजी गुजरातमध्ये भूकंप झाला, तेव्हाही तसेच झाले. २६ डिसेंबर २००४ रोजी अंदमान-निकोबार बेटांना त्सुनामीचा तडाखा बसला. त्या वेळी दिल्लीच्या हॅम भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. बेटांवरील बातमीची वाट पाहणाऱ्या कित्येक कुटुंबांना त्यांच्या केंद्रामुळे आपल्या माणसांची खबर मिळाली.

हे सारे मी वाचलेले होते. पुढे ते मी स्वतः अनुभवले. २०२० च्या जून महिन्याच्या सुरुवातीला अरबी समुद्रात 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ उठले. हवामान खात्याने आधीच इशारा दिला होता. २ जूनच्या संध्याकाळी मी कप्पीचा दोर सोडला आणि तार खाली घेतली. ती गुंडाळून घरात ठेवली. बॅटरी भरून घेतली आणि यंत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून लोखंडी पेटीत ठेवले. चाचा तेव्हा ८० वर्षांच्या पुढे गेले होते. ते काठी टेकत कुंपणापाशी आले. तार उतरलेली पाहून ते एवढेच म्हणाले, "शाब्बास."

३ जूनला दुपारी वादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून अधिक होता. आमचा तालुका त्याच्या दक्षिणेला जवळच आहे. कौले पानांसारखी उडाली. आंब्याची, सुपारीची झाडे रांगेने आडवी झाली. ज्या माडाला माझी तार बांधलेली असे, तो मुळासकट उपटला गेला. लोखंडी खांब वाकला. चाचांच्या घराचे अर्धे छप्पर गेले. वीज गेली आणि मोबाइलही बंद पडले. गावात माणसे होती, पण जगाच्या लेखी आमचे गाव मुके झाले होते.

चाचांची मुलगी पुण्याला असते. तिला काही कळण्याचा मार्ग नव्हता. चाचा बोलले काहीच नाहीत. पण ते पुन्हापुन्हा हातातल्या बंद मोबाइलकडे पाहत होते.

४ जूनला सकाळी आळीतली दोन मुले मदतीला आली. फणस उभा होता. आम्ही दोराला दगड बांधून तो फणसाच्या फांदीवरून पलीकडे टाकला. दुसरे टोक एका बांबूला बांधले. तार जमिनीपासून जेमतेम ५ मीटर उंच गेली. एरवी एवढी बुटकी तार पाहून हॅम हसले असते. पण बुटक्या तारेचा एक गुण आहे. तिच्या लहरी दूर न जाता बऱ्याचशा सरळ वर जातात आणि आजूबाजूच्या काही शे किलोमीटरच्या प्रदेशात उतरतात. आम्हाला अमेरिकेशी बोलायचे नव्हते. सह्याद्रीच्या पलीकडे उतरले की पुरे होते!

मी केबल जोडली आणि मीटर पाहिला. आकडा दीडच्या जवळ होता. बॅटरी वाचवण्यासाठी शक्ती १०० वॅटवरून २५ वॅटवर आणली. शक्ती चौथाई केली, तरी ऐकणाऱ्याला आवाज थोडाच कमी वाटतो. बॅटरी मात्र अधिक वेळ पुरते. दुपारी पुण्याच्या एका हॅमचा आवाज आला. मी संकेतनाम सांगितले आणि निरोप दिला. निरोप मी आधीच कागदावर लिहून ठेवला होता. संकटात बोलताना भावना आवरून थोडे आणि स्पष्ट बोलावे लागते. 'वडील सुखरूप. छप्पर गेले. माणसे ठीक. काळजी नको.' पुण्याच्या हॅमने तो निरोप मला परत वाचून दाखवला आणि मुलीचा फोन नंबर लिहून घेतला. १० मिनिटांनी तो पुन्हा बोलला, "फोन लागला. मुलगी विचारते आहे, अब्बांची दम्याची औषधे आहेत का?"

चाचा माझ्या शेजारी खुर्चीवर बसले होते. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "आहेत म्हणून सांग. चार दिवस पुरतील."

त्या दिवशी बॅटरी उतरेपर्यंत मी २३ घरांचे निरोप पाठवले. कोणाचा मुलगा मुंबईत, कोणाचा भाऊ कोल्हापुरात. एका घरी औषध हवे होते, तो निरोपही गेला. पुढे कित्येक दिवस आमच्या भागात वीज नव्हती. एका जीपच्या बॅटरीवर आम्ही आमची बॅटरी भरत होतो आणि रोज ठरलेल्या वेळी बोलत होतो. माझ्या यंत्राने वादळ थांबवले नाही की उडालेले एक कौल परत आणले नाही. पण काळजीने जागणारी काही माणसे त्या रात्री झोपली असतील, एवढे समाधान मला आहे.

मुलांनो, तुम्ही म्हणाल की, तार ऐन वेळी उपयोगी पडली. खरे तर ती त्याआधीची २४ वर्षे दर महिन्याला तपासली जात होती, म्हणून ऐन वेळी उपयोगी पडली. वहीतला आकडा, बदललेला दोर, भरलेली बॅटरी आणि चाचांची कप्पी या सर्वांनी मिळून तो निरोप पाठवला. तार वर पक्की बांधलेली असती, तर माडाबरोबर तीही गेली असती. तहान लागल्यावर विहीर खणू नये, अशी म्हण आपण पाठ करतो. मी तिच्यात थोडी भर घालीन. विहीर आधी खणावी आणि खणल्यावर तिचा गाळ दरवर्षी काढावा.

चाचा आता नाहीत. आळीतल्या त्या दोन मुलांपैकी एकाने परीक्षा दिली आणि त्याला परवाना मिळाला. नवा खांब आम्ही दोघांनी मिळून उभा केला. माडाच्या जागी लोखंडी नळी रोवली. दोन्ही टोकांना कप्प्या त्यानेच बसवल्या. गाठ कशी मारायची, हे मला त्याला सांगावे लागले नाही. चाचांनी त्याला ती लहानपणीच शिकवली होती.

तुमच्या घरी शॉर्टवेव्ह असलेला एखादा जुना रेडिओ पडून असेल, तर तो काढा. त्याच्या एरियलला ८-१० मीटर लांबीची, वर आवरण असलेली तार जोडा. मोठ्या माणसांना बरोबर घेऊन, विजेच्या तारांपासून दूर, ती खिडकीतून झाडापर्यंत न्या. रात्री हळूहळू काटा फिरवा. ऐकण्यासाठी परीक्षा द्यावी लागत नाही. दूरचे आवाज तुमच्या खोलीत येतील. काही भाषा तुम्हाला कळतील, काही कळणार नाहीत. तरी ऐकत राहा. आकाशात ढग दाटून आले, तर तार काढून ठेवा. आणि एक वही करा. पहिल्या पानावर तारीख घाला आणि त्या रात्री काय ऐकले, ते लिहा.